यंत्राची शाखा, यंत्राचे सूत्र

काशीस पंचगंगा घाटावरून ब्रह्माघाटाकडे जाऊ लागले की मध्ये दुर्गाघाट लागतो. ब्रह्मचारिणी दुर्गेच्या देवळावरून त्याला हे नाव पडले. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी या भागात घाट बांधविले, आणि त्या काळापासून घाटाच्या माथ्यावरच्या अरुंद गल्ल्यांतून मराठी घरे नांदत आली. तेथील वैदिक मंडळींत परक्या माणसाने स्वतःची ओळख कशी करून द्यावी, याची एक जुनी रीत आहे. नुसते नाव सांगून भागत नाही. आधी प्रवर सांगावयाचे, मग गोत्र, मग सूत्र, मग शाखा, आणि सर्वांच्या शेवटी नाव. आजच्या माणसाला हा क्रम उलटा वाटेल. परंतु ज्या पुरोहिताला उद्या तुमच्या घरी श्राद्ध किंवा उपनयन चालवावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने तोच सुलटा आहे. शाखेवरून त्याला कळते की मंत्र कोणत्या संहितेतले म्हणावयाचे. सूत्रावरून कळते की ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विधीने. ऋग्वेदी घरात बहुधा आश्वलायन सूत्र, कृष्ण यजुर्वेदी घरात आपस्तंब अथवा हिरण्यकेशी, शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन घरात कात्यायन. यजमानाचे नाव विष्णू आहे की गोविंद, याने त्याच्या तयारीत काही फरक पडत नाही.

या प्रश्नांनी माणसामाणसांत भिंतीही उभ्या केल्या, याचा मला विसर पडलेला नाही. पण आज मला त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. ज्यांची पूर्वी कधी भेट झालेली नाही अशा दोघांना एकमेकांचे काम बिनचूक करावयाचे असेल, तर नावाने किती आणि काय सांगितले पाहिजे, या प्रश्नाचे ते एक जुने उत्तर आहे. हाच प्रश्न आज संगणकाच्या जगात नव्याने उभा आहे. तेथेही घराणी आहेत, शाखा आहेत, सूत्रे आहेत. आणि नाव अपुरे सांगितले किंवा त्याचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे घेतला, तर तेथेही काम अडते. ते अडते तेव्हा त्याचा भुर्दंड कोणाला पडतो, हे सांगण्यासाठी मी आज आपणांपुढे आलो आहे. माझे शिक्षण संस्कृत विषयात झाले आणि आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेले. त्यामुळे या विषयाकडे मी यंत्रज्ञाच्या नव्हे, तर नामे आणि नियम यांच्याशी नित्य संबंध आलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहणार, हे उघड आहे.

प्रथम मूळ गोष्ट. प्रोसेसर म्हणजे संगणकाची बुद्धी असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्याला बुद्धी नाही. त्याला फक्त काही ठराविक आज्ञा कळतात. या दोन संख्या मिळव, बेरीज अमुक ठिकाणी ठेव, उत्तर शून्य आले तर तिकडे वळ, अशा स्वरूपाच्या त्या असतात. एखाद्या प्रोसेसरला कळणाऱ्या सर्व आज्ञांच्या समुदायाला त्याचा आज्ञासंच म्हणतात. प्रत्येक आज्ञा त्याच्यापुढे अंकांच्या रूपाने येते, आणि कोणता अंक म्हणजे कोणती आज्ञा, हे प्रत्येक घराण्यात निराळे ठरलेले असते. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरापासून निघालेले एक घराणे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली जन्मलेले आर्म हे दुसरे, जे आज बहुतेक सर्व मोबाइल फोनांत आहे. आणि बर्कली येथील विद्यापीठात २०१० साली सुरू झालेले रिस्क-फाइव्ह हे तिसरे. एका घराण्यासाठी लिहिलेले अंक दुसऱ्याच्या पुढे ठेवले तर त्याला ते निरर्थक वाटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच अर्थ लागतो.

माणसाला अशा अंकांत लिहिणे जड जाते. म्हणून तो सी किंवा तत्सम एखाद्या भाषेत कार्यक्रम लिहितो, आणि कंपायलर नावाचा दुसरा कार्यक्रम त्याचे प्रोसेसरच्या अंकांत भाषांतर करतो. आता येथे एक मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. हे भाषांतर ज्या यंत्रावर होते त्याच यंत्रासाठी ते असते असे नाही. पुण्यातल्या टेबलावरच्या संगणकावर बसून फोनसाठी, पाण्याच्या मीटरसाठी किंवा दूरच्या महासंगणकासाठी भाषांतर करता येते, आणि बहुधा तसेच केले जाते. म्हणजे ज्याच्यासाठी भाषांतर चालले आहे तो समोर नसतो. तो कोण आहे, हे कंपायलरला शब्दांत सांगावे लागते. त्या शब्दाला आपण लक्ष्यनाम म्हणू.

लक्ष्यनाम दिसते कसे? एक नेहमीचे उदाहरण घ्या: एक्स८६_६४-अननोन-लिनक्स-ग्नू. पहिले पद प्रोसेसरचे घराणे आणि पिढी सांगते. दुसरे पद यंत्र बनविणाऱ्याचे. तिसरे, त्या यंत्रावर कोणती कार्यप्रणाली राज्य करते ते. चौथे, कार्यक्रमाच्या एका भागाने दुसऱ्या भागाला बोलावताना आकडे कोठे ठेवावयाचे, उत्तर कोठून घ्यावयाचे, यांविषयीचा आपसांतला संकेत. पहिले पद म्हणजे शाखा, चौथे पद म्हणजे सूत्र, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मंत्र तेच असले तरी सूत्र बदलले की विधी बदलतो. त्याचप्रमाणे आज्ञासंच तोच असला तरी हा संकेत बदलला की दोन कार्यक्रमांची पंगत एकत्र बसत नाही.

मौज अशी की, या चार पदांच्या नावाला तज्ज्ञ अजूनही ‘त्रिक’ असेच म्हणतात. आरंभी पदे तीन होती. चौथे मागाहून आले, पण जुने नाव तसेच राहिले. दुसरी मौज दुसऱ्या पदाची. बनविणारा कोण याला आता फारसे महत्त्व उरलेले नाही, म्हणून तेथे पुष्कळदा ‘अननोन’, म्हणजे अज्ञात, एवढेच लिहितात. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप सांगावे, अशी आपल्याकडे सोय आहे. रकाना रिकामा ठेवावयाचा नाही आणि माणसाला परतही पाठवावयाचे नाही, या दोन्ही गरजा तिने भागविल्या. कचेरीत अर्ज भरून घेणाऱ्याला या युक्तीचे मोल सांगावयास नको.

लोकांसाठीचे नाव आणि यंत्रासाठीचे नाव यांतला भेद पाहावयाचा असेल, तर काशीतच त्याचे उत्तम उदाहरण आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत २०१९ साली ‘परम शिवाय’ हा महासंगणक सुरू झाला. तो उभा केला पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने. याच संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ घडविला होता, आणि परदेशाने महासंगणक देण्यास खळखळ केली असता आपण तो स्वतः बनविला, हा अभिमान तेव्हापासून ‘परम’ या नावाशी जोडला गेला. पण ‘परम’ हे कुलनाम ऐकून कंपायलरला काय कळणार? ‘परम ८०००’ मध्ये इन्मॉस कंपनीचे ट्रान्स्प्यूटर होते. पुढच्या ‘परम ९०००’ आणि ‘परम १००००’ मध्ये स्पार्क घराण्याचे प्रोसेसर आले. ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर घराण्याचा. ‘परम शिवाय’ इंटेलच्या झिऑनचा. एकाच नावाखाली चार भिन्न शाखा नांदून गेल्या. १९९१ सालचे भाषांतरित अंक ‘परम शिवाय’पुढे ठेवले तर त्याला त्यांतले एक अक्षर उमगणार नाही. मूळ भाषेतला कार्यक्रम मात्र जपून ठेवलेला असेल, तर नवे लक्ष्यनाम देऊन त्याचे पुन्हा भाषांतर करता येईल. देशाच्या दृष्टीने ‘परम’ हे नाव योग्यच आहे. कंपायलरच्या दृष्टीने मात्र ते यजमानाचे विष्णू किंवा गोविंद आहे.

आतापर्यंत सांगितले ते सरळ झाले. घोटाळा पुढे आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार एका वस्तूला दोन नावे असण्याचा. आर्म घराण्यात २०११ साली चौसष्ट बिटांची नवी शाखा जाहीर झाली. कंपनीने तिला ‘ए-आर्च-६४’ म्हटले. ॲपलने आणि लिनक्सच्या गाभ्याने ‘आर्म-६४’ म्हटले. एलएलव्हीएम नावाच्या प्रसिद्ध कंपायलरात तर काही काळ दोन्ही नावांनी दोन स्वतंत्र भाषांतरकार एकाच वेळी नांदत होते. २०१४ साली ते एकत्र करण्यात आले. हा घोटाळा त्रासदायक खरा, पण घातक नव्हे. विष्णुपंत आणि बापू एकच, हे एकदा कळले की प्रश्न मिटतो.

घातक आहे तो दुसरा प्रकार: दोन वस्तूंना एकच नाव असणे. त्याचे उदाहरण याच घराण्यातले आहे. २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा, अतिशय स्वस्त संगणक इंग्लंडात विक्रीस आला. शाळकरी मुलांनी संगणकाचे आतले अंग पाहावे, हा त्यामागचा उद्देश होता. त्यातला प्रोसेसर आर्मच्या सहाव्या पिढीचा. त्या सुमारास डेबियन या लिनक्सच्या प्रतिष्ठित मंडळींनी ‘आर्म-एचएफ’ नावाचे नवे लक्ष्य मुक्रर केले होते. ‘एचएफ’ याचा अर्थ, अपूर्णांकांची आकडेमोड प्रोसेसरच्या खास विभागात करावयाची. पण या नावाच्या पोटात आणखी एक अट दडलेली होती: प्रोसेसर किमान सातव्या पिढीचा हवा. नावात सात हा आकडा कोठेही नाही. रास्पबेरी पायमध्ये अपूर्णांकांचा खास विभाग होता. पिढी मात्र सहावी. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंबर कसून डेबियनच्या हजारो कार्यक्रमांचे सहाव्या पिढीसाठी पुन्हा भाषांतर केले, आणि त्या संचाला रास्पबियन असे नाव दिले. त्यांच्या श्रमांना तोड नाही. परंतु त्यांनीही आपल्या लक्ष्यास ‘आर्म-एचएफ’ हेच नाव ठेवले. परिणाम असा झाला की एकाच नावाचे दोन कार्यक्रम जगात फिरू लागले. रास्पबियनचा कार्यक्रम दोन्ही ठिकाणी चाले. डेबियनचा कार्यक्रम पहिल्या रास्पबेरी पायवर ठेवला की तो मध्येच कोसळे. नाव पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसाला येथे एका जुन्या प्रश्नाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पाणिनीने वर्णमाला चौदा छोट्या सूत्रांत मांडली आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचे अक्षर ठेवले. आरंभीचा वर्ण आणि शेवटची खूण जोडली की मधल्या सर्व वर्णांचे एक आटोपशीर नाव तयार होते. ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर, ‘हल्’ म्हटले की सर्व व्यंजने. थोड्या अक्षरांत मोठा समुदाय सांगण्याची ही युक्ती इतकी नेटकी आहे की प्रोसेसरला नावे देणाऱ्यांनी तिचा हेवा करावा. पण एका ठिकाणी अडचण आहे. ‘ण्’ ही खूण पहिल्या सूत्राच्या शेवटीही येते आणि सहाव्या सूत्राच्या शेवटीही. मग ‘अण्’ म्हटले की कोणते वर्ण घ्यावयाचे? पहिल्या ‘ण्’पर्यंतचे तीन, की दुसऱ्या ‘ण्’पर्यंतचे चौदा? सगळी अक्षरे उपलब्ध असताना आचार्यांनी तीच खूण पुन्हा का वापरली, हा प्रश्न पतंजलीच्या महाभाष्यातही विचारलेला आहे.

त्याचे जे उत्तर परंपरेने दिले, ते काशीतच राहिलेल्या एका मराठी पंडिताने आपल्या ग्रंथाच्या अगदी आरंभी मांडले आहे. हे पंडित म्हणजे नागेशभट्ट काळे, आणि ग्रंथ परिभाषेन्दुशेखर. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना कीलहॉर्न यांनी याच ग्रंथाची आवृत्ती काढली आणि त्याचे इंग्रजी भाषांतर केले, त्यामुळे पाश्चात्त्य जगालाही तो परिचित झाला. उत्तराचा आशय असा की, संशय उत्पन्न झाला एवढ्याने नियम निरुपयोगी ठरत नाही. जाणत्यांच्या व्याख्यानावरून विशिष्ट अर्थाचा निर्णय करावा. आणि व्याख्यान सांगते की ‘अण्’ सर्वत्र पहिल्या ‘ण्’पर्यंत घ्यावा, फक्त एका सूत्रात दुसऱ्यापर्यंत. प्रश्न सुटला. शतकानुशतके विद्यार्थी हे गुरुमुखातून ऐकत आले, आणि ‘अण्’मुळे कोणाचे व्याकरण बिघडल्याचे ऐकिवात नाही.

पण हा निर्णय कशाच्या बळावर झाला, हे पाहा. सूत्र संदिग्ध होते, तरी त्याच्यापाशी गुरू बसलेला होता. शंका आली तर विचारावयाचे कोणाला, हे शिष्याला ठाऊक होते. यंत्रापाशी असा कोणी बसलेला नाही. प्रोसेसरपुढे अंक आला की त्याला तो कळतो किंवा कळत नाही. ‘येथे आपल्याला सहावी पिढी अभिप्रेत आहे की सातवी?’ असे तो मागे वळून विचारू शकत नाही. यंत्राला व्याख्यान नाही. म्हणून शास्त्रात जी संदिग्धता वर्गातच निवळून जाते, ती यंत्राच्या व्यवहारात कोणी न अडविता थेट शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. मला जे आज सांगावयाचे आहे ते एवढेच, आणि पुढचे सर्व त्याचाच विस्तार होय.

प्रोसेसरला न कळणारी आज्ञा समोर आली की लिनक्सच्या पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असे दोन शब्द उमटतात. सरळ मराठीत, बेकायदा आज्ञा. सरकारी नोकराला हे शब्द वाचून क्षणभर हसू येईल. पण ज्याचे काम अडले आहे त्याला हसू येत नाही. एका लहान गावच्या कचेरीत मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. तेथले चार संगणक जुने होते, पण धडधाकट होते. दाखले देण्याच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती आली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती या चारही यंत्रांवर उघडताक्षणी बंद पडू लागली. कार्यक्रम करणाऱ्याने आपल्या नव्या यंत्राची पिढी गृहीत धरून भाषांतर केले होते, आणि आवृत्तीच्या नावात त्याचा उल्लेख नव्हता. कचेरीतल्या लिपिकाने जे कोणीही केले असते तेच केले. त्याने यंत्रे बिघडली असे समजून निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला. यंत्रे व्हरांड्यात गेली, आणि दाखल्यासाठी आलेली माणसे तालुक्याच्या गावी. दोष यंत्राचा नव्हता, लिपिकाचाही नव्हता. दोष एका नावातल्या गाळलेल्या अक्षराचा होता, आणि त्याचा भुर्दंड ज्यांनी ते नाव कधी ऐकलेही नव्हते त्यांनी भरला.

नावातल्या एका अक्षराला किती किंमत असते, हे आर्मच्या घराण्यात फार मजेदार रीतीने दिसते. ‘आर्म-७’ हे एका जुन्या प्रोसेसरचे नाव आहे, आणि त्याचा सुप्रसिद्ध अवतार चौथ्या पिढीचा आहे. ‘आर्म-व्ही-७’ हे मात्र सातव्या पिढीचे नाव. मध्ये आहे ते केवळ ‘व्ही’ हे एक अक्षर, पण त्याच्या अल्याडपल्याड तीन पिढ्यांचे अंतर. रास्पबेरी पायच्या पहिल्या प्रोसेसरचे नाव ‘आर्म-११’ कुळातले, पण पिढी सहावी. म्हणजे अकरा हा सातच्या मागे. बाजारात नाव घेणाऱ्याला हे कसे कळावे?

दुसरा धोका काळाचा आहे. नाव तेच राहते आणि अर्थ हळूच सरकतो. रिस्क-फाइव्ह घराण्याने नामकरणाचा प्रश्न आरंभापासून गंभीरपणे घेतला. तेथे प्रत्येक आज्ञासमूहाला एक अक्षर आहे, आणि अक्षरे एकापुढे एक मांडून प्रोसेसरचे नाव बनते. ‘आय’ म्हणजे पूर्णांकांचा मूळ संच, ‘एम’ म्हणजे गुणाकार-भागाकार, ‘एफ’ म्हणजे अपूर्णांक, ‘व्ही’ म्हणजे अनेक संख्यांवर एकाच वेळी क्रिया. नाव वाचले की सामर्थ्य कळावे, ही पाणिनीच्या जातीची योजना. पण तिलाही काळाने सोडले नाही. २०१९ सालच्या व्याख्येत ‘आय’ या अक्षरातून काही आज्ञा बाहेर काढून त्यांना स्वतंत्र नावे देण्यात आली. २०२२ साली प्रमुख कंपायलरांनी ही नवी व्याख्या मूळ धरली, आणि कालपर्यंत बिनतक्रार भाषांतरित होणारे कित्येक कार्यक्रम अडून बसले. कारण त्यांच्या नावातला ‘आय’ आता पूर्वीचा ‘आय’ राहिलेला नव्हता. ‘व्ही’ची गोष्ट अशीच. तिची व्याख्या २०२१ साली कायम झाली. पण त्यापूर्वीच्या मसुद्यावर विसंबून काही प्रोसेसर बाजारात आले होते. त्यांचा ‘व्ही’ आणि कायम झालेला ‘व्ही’ एकमेकांशी जुळत नाहीत. मसुद्याला कायद्याचा मान दिला की काय होते, हे प्रशासनात वावरणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. किमान पात्रता कोठे ठेवावयाची आणि ती कोणी ठरवावयाची? इंटेलच्या मूळ घराण्यातील चौसष्ट बिटांच्या शाखेसाठी २०२० साली सामर्थ्याच्या चार पायऱ्या ठरविण्यात आल्या. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सने २०२२ च्या आवृत्तीत दुसरी पायरी अनिवार्य केली आणि २०२५ च्या आवृत्तीत तिसरी. तिसऱ्या पायरीला लागणाऱ्या काही आज्ञा इंटेलने २०१३ साली आणल्या होत्या. पण त्यानंतरही कित्येक वर्षे तिच्याच कमी किमतीच्या अनेक प्रोसेसरांत त्या नव्हत्या. कमी किमतीचे यंत्र विकत घेते कोण? खेड्यातली शाळा, लहान ग्रंथालय, एकट्याने चालविलेला छापखाना. पायरी वर सरकली की सर्वांत आधी पायउतार होतात ते हे लोक. पायरी कधीच सरकू नये असे मी म्हणत नाही. जुन्याची कायमची सोबत केली तर नव्या यंत्राचे अर्धे सामर्थ्य वाया जाते, हेही खरे. परंतु सरकविताना ते नावात लिहावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. याच बाबतीत अल्मालिनक्स या संचाने जे केले ते अनुकरणीय आहे. त्यांनी तिसऱ्या पायरीची आवृत्ती तर काढलीच, पण दुसऱ्या पायरीवरच्या यंत्रांसाठीही स्वतंत्र आवृत्ती काढली, आणि तिच्या लक्ष्यनामात ‘व्ही-२’ असे स्पष्ट लिहिले. ‘आर्म-एचएफ’च्या वेळी जे झाले नाही ते येथे झाले.

चांगले नाव म्हणजे काय, याचा एक धडा आपल्याच एका मराठी प्रशासकाने घालून दिलेला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. वाराणसीच्या मुख्य टपाल कचेरीचा २२१००१ हा क्रमांक घ्या. पहिला दोन विभाग सांगतो, दुसरा अंक उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणारी कचेरी. नागपूरच्या वर्गवारी करणाऱ्याने काशी पाहिलेली असण्याची गरज नाही. भाषा, लिपी, हस्ताक्षर काहीही असो, सहा अंकांवरून पत्र वाटेला लागते. या पद्धतीचे बळ अंकांच्या चातुर्यात जितके आहे, त्याहून अधिक दोन गोष्टींत आहे. प्रत्येक अंकाचा अर्थ छापून सर्वांसाठी खुला ठेवलेला आहे. आणि तो अर्थ कोणा एका पोस्टमास्तराच्या मर्जीने बदलत नाही.

आता हे सारे आपल्यापाशी येऊन ठेपले आहे. आजवर आपण दुसऱ्यांच्या घराण्यातले प्रोसेसर विकत घेत होतो, तेव्हा नामकरणाची चिंता त्यांची होती. आता मद्रासच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ या प्रोसेसरमालिका रिस्क-फाइव्हच्या खुल्या आज्ञासंचावर उभारल्या आहेत, आणि केंद्र सरकारनेही २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. सी-डॅकच्या ‘तेजस ३२’ या लहान चिपचे लक्ष्यनाम ‘आरव्ही-३२-आयएम’ आहे. नाव नीट वाचणाऱ्याला त्यातून कळते की पूर्णांक आहेत, गुणाकार-भागाकार आहे, ‘एफ’ मात्र नाही. तेव्हा अपूर्णांकांच्या खास आज्ञा तिला देऊ नयेत, ते हिशेब पूर्णांकांच्या आज्ञांनीच करून घ्यावेत. नाव खरे असल्यामुळे उणीवही लपलेली नाही, आणि उणीव ठाऊक असली की तिच्यातून मार्ग निघतो. ‘शक्ती’, ‘वेगा’, ‘तेजस’ ही नावे आपल्या मनाला उभारी देतात, ती द्यावीतच. पण कंपायलर त्यांच्याकडे पाहणार नाही. तो ‘आय’ आणि ‘एम’ या दोन रूक्ष अक्षरांकडे पाहणार, आणि त्या अक्षरांनी दिलेला शब्द चिपने पाळला की नाही, यावर आपली पत ठरणार.

म्हणून यंत्रे आणि कार्यक्रम यांची खरेदी ज्यांच्या हाती आहे, त्या माझ्या व्यवसायबंधूंना मी एक साधी सूचना करीन. निविदेत वेग, स्मृती, हमीची वर्षे आपण विचारतोच. त्याबरोबर एक ओळ वाढवावी: हा कार्यक्रम कोणत्या लक्ष्यनामासाठी भाषांतरित केला आहे, आणि त्या नावाची कोणत्या सालची व्याख्या मानली आहे? नवी आवृत्ती येईल तेव्हा हे बदलले असेल तर आधी लेखी कळवावे. आणि मूळ भाषेतला कार्यक्रम कचेरीच्या ताब्यात असावा. म्हणजे ‘परम’च्या चार शाखांप्रमाणे यंत्राचे घराणे उद्या बदलले, तरी पुन्हा भाषांतर करून घेण्याची वाट मोकळी राहील. या मागणीला पैसा लागत नाही. जी यंत्रे धडधाकट आहेत ती मात्र तिच्यामुळे व्हरांड्यात जाण्यापासून वाचतील.

नाव हे शेवटी एक वचन आहे, आणि ते ज्याला दिले तो समोर नसतो. नागेशभट्टांच्या शिष्याला शंका आली तर गुरूच्या घराची वाट त्याला ठाऊक होती. गावच्या कचेरीत दाखल्यासाठी उभ्या असलेल्या बाईला अशी वाट नाही. तिच्या वतीने व्याख्यान आधीच करून, लिहून, सर्वांपुढे मांडून ठेवणे, हे नामकरण करणाऱ्यांचे आणि ते स्वीकारणाऱ्या आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.